तिसरा हशा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापुरात बाळीवेशीच्या आत राहणारा, जातीने लिंगायत तेली, धंद्याने सोंगाड्या, वयाने साठीच्या बराच पलीकडे गेलेला मी, सोमलिंग ईरप्पा हत्तुरे, आपल्या राहत्या घराच्या ओट्यावर बसून हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे, आणि रा. केशव नारायण कवठेकर, अर्जनवीस, ते लिहून घेत आहेत. माझी अक्कल शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही, आणि दारू मी जन्मात घेतली नाही; सोंगाड्याला ती लागत नाही, ती बघणाऱ्याला लागते. डोळे मात्र शाबूत नाहीत. दोन्हीत मोतीबिंदू आहे. समोर माणूस आहे एवढे कळते, कोण आहे ते कळत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली आहे.

कायद्याचे शब्द कवठेकरांनी घालावेत आणि बाकीचे माझे असू द्यावेत, असे आमचे ठरले आहे. कवठेकर उमेदीपासून कोर्टाच्या आवारात बसून लोकांची भांडणे लिहीत आले. त्यांना हसताना सोलापुरात कोणी पाहिलेले नाही. सकाळपासून मी दोन-तीन चांगल्या गोष्टी त्यांच्यापुढे टाकून पाहिल्या. ते फक्त "पुढे?" म्हणतात.

कलम १. जवळच्या कुंभारी गावातले घर आणि त्यामागचा जमिनीचा तुकडा माझ्या मालकीचा आहे. ते दोन्ही माझ्यामागे चि. गुरप्पा, माझा एकुलता मुलगा, याने घ्यावे. गुरप्पा मिलमध्ये कामाला आहे, सरळ माणूस आहे, त्याला विनोद सांगता येत नाही आणि सांगायची हौसही नाही. लहानपणी शाळेत पोरे त्याला "सोंगाड्याचं पोरगं" म्हणून चिडवीत. त्याने घरी येऊन कधी सांगितले नाही. मला ते मास्तरांकडून कळले. मोठा झाल्यावर तो माझ्या खेळाला कधी आला नाही असे सगळे समजतात. पण एका वर्षी खेळ रंगात असताना कनातीच्या मागल्या बाजूने मला एक हसणे ऐकू आले. नाकातून सुरू होऊन खोकल्यात संपणारे. तसे माझे वडील हसत, आणि वडील तर केव्हाच गेले होते. मी त्याला विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्या हसण्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, ते इथे लिहून ठेवतो.

त्याच घरातली पुढची खोली आणि पडवी मात्र माझ्या तमाशाच्या फडातला मायाप्पा गुरप्पा कोरे (हा गुरप्पा वेगळा) याला हयातभर राहायला द्यावी. मायाप्पा आमच्या फडात मावशीचे काम करतो, म्हणजे लुगडे नेसून, पितळेची मोठी नथ घालून सोंगाड्याशी भांडतो. त्याला ना घर ना दार. कितीतरी गावांत आम्ही एका पांघरुणात निजलो आहोत.

कलम २. माझी बायको कै. शांतम्मा हिचे सूप भिंतीला टांगलेले आहे. ते सून सावित्रम्माने ठेवावे, वापरावे, जळणात घालू नये. मी नवीन काही रचले की शांतम्मापुढे बसून म्हणत असे, आणि ती सुपात डाळ निवडत असे. ती हसायची नाही. आवडले नाही तर "साकु" म्हणायची, म्हणजे आमच्या कानडीत पुरे. आवडले तर तिचा हात सुपात थांबायचा. हात थांबला तेवढेच मी बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, नेले, बाकीचे टाकून दिले. लोक म्हणतात सोमलिंग एवढा हसवतो कसा. मी हसवत नव्हतो, ती निवडत होती. ती असती तर हे कागद करायला मला कवठेकर लागले नसते, आणि ती गेल्यापासून मी नवे काही फारसे रचलेले नाही हेही खरे आहे.

कलम ३. चुलतभाऊ ईश्वरप्पा. मी घाण्यावरून उठून तमाशात गेलो तेव्हा ह्याने माझ्या तोंडावर दार लावले, आणि लग्नाकार्यात माझे पान मांडू दिले नाही. त्याला मी काही देत नाही असे कोणी म्हणू नये. आमच्या फडाच्या प्रत्येक खेळाला ईश्वरप्पाला फुकट आत सोडावे आणि अगदी पुढे, बोर्डाच्या पायाशी बसवावे. पुढे बसलेल्या माणसाची टोपी, मिशी आणि पोट ह्यांवर सोंगाड्याचा हक्क असतो, आणि ईश्वरप्पाकडे तिन्ही आहेत. एवढे झाले की माझी-त्याची फिटंफाट झाली. नाटक कंपनीच्या ज्या मालकाने मला मागल्या दाराने ये म्हणून सांगितले, त्याला मात्र पुढे बसवू नये. त्याला कुठेच बसवू नये.

कलम ४. माझे विनोद. ते लिहून ठेवलेले नाहीत, कोणी घर उचकटू नये. माझ्याकडे येऊन पुष्कळ जण म्हणतात, वस्ताद, आम्हांलाही सोंगाड्या व्हायचे आहे, काही दोन शब्द सांगा. शाळा शिकलेले येतात, मिलमधले येतात, परवा तर एक तलाठी आला होता. ते दोन शब्द मी सगळ्यांच्या नावे ठेवतो. ज्याला पाहिजे त्याने घ्यावेत, वाटणी करायची गरज नाही.

माझे वस्ताद कोंडीबा. तापाच्या साथीत गेले. त्यांचे मी काय सांगू, त्यांनी मला हाताला धरून उभे केले. गावात शिरले की कोंडीबा आधी पाटलाकडे जात नसत, पाणवठ्यावर जात. तिथे बायांना विचारत, "आया, ह्या हप्त्यात कुनाच्या घरात दुख झालंय?" कोणाचा पोरगा गेला, कोणाची लेक माघारी आली, कोणाचे बैल विकले गेले, ते सगळे ऐकून घेत आणि रात्री त्या घराच्या अंगाला विनोद जाऊ देत नसत. मी नवा होतो तेव्हा ही चौकशी विनोद सापडावा म्हणून चालली आहे असे मला वाटे. कोंडीबा म्हणाले, "सोम्या, कुटं मारायचं ते कुनी बी सांगंल. कुटं मारायचं न्हाय ते इचारून घ्यावं लागतं." त्यामुळे माझा पहिला शब्द हाच, की खेळाआधी पाणवठ्यावर जा.

राजाला मारावे, प्रधानाला मारावे, सावकाराला आणि फौजदाराला तर अवश्य मारावे, पण पाणी वाहणाऱ्या पखालवाल्याला मारू नये. लंगड्याची चाल करून दाखवणारा सोंगाड्या मी माझ्या बोर्डावर एकदाच उभा केला आणि तिथूनच घरी पाठवला. स्वतःच्या विनोदाला स्वतः हसू नये. लोक न हसले तर त्यांच्यावर रागावू नये. त्यांनी दिवसभर काम केलेले असते, तुम्ही नुसते उभे असता. वग लिहिणाऱ्याने खेळ चालू असताना पडद्यामागे चहा पीत बसू नये. लोकांत, खाली जमिनीवर बसावे आणि कोणाचे बूड कुठे हलले ते बघावे. जिथे बुडे हलली ती ओळ सकाळी काढून टाकावी, मग ती कितीही जीव लावून लिहिलेली असो.

आता सोलापूरचे म्हणून जे आहे ते सांगतो, कारण हे पुण्यामुंबईच्या सोंगाड्याला सांगून कळायचे नाही. आमच्यापुढे मराठी बसतात, कानडी बसतात आणि मागावर काम करणारे तेलंगी बसतात. एक विनोद टाकला की आधी मराठी हसतात. मग थोडे थांबून कानडी हसतात. तेलंगी लोकांत एखादा दुभाषी असतो. तो शेजाऱ्याला सांगतो, शेजारी पलीकडच्याला, आणि मग मागून, उशिरा, तिसरा हशा येतो. नवा सोंगाड्या पहिल्या हशावरच पुढे बोलायला लागतो. त्याचे पुढचे बोलणे दुसऱ्या हशात बुडते आणि तिसरा येईपर्यंत तो भांबावून जातो. थांबायचे. तिसरा हशा येईपर्यंत तोंड मिटून, लोकांकडे बघत उभे राहायचे. ऐकायला सोपे आहे. हे ज्याला आले त्याला सगळे आले, आणि फडातल्या माणसांना मी जन्मभर हेच शिकवले, तरी फार थोड्यांना आले.

तेलंगी लोकांचा माझ्यावर आणखी एक उपकार आहे. मागाच्या खात्यात एवढा आवाज असतो की तिथले लोक ओठांवरून बोलणे ओळखतात. एकदा राजाची भूमिका करणारा ओळ विसरला आणि मी पाठ फिरवून, आवाज न काढता, ओठांतच त्याच्या आईचा उद्धार केला. बाजूला बसलेले सगळे विणकर एकदम हसत सुटले. तेव्हापासून मी तोंडाने जेवढे बोललो त्याहून जास्त नुसत्या ओठांनी बोललो. हे मला कोणी वस्तादाने शिकवले नाही, त्या लोकांनी शिकवले. मार्शल लॉच्या दिवसांत खेळ बंद होते, तेव्हा त्यांच्याच घरी मी जेवलो.

कलम ५. टॉकी आली आहे, आता तमाशाचे काय, असे येणारे विचारतात. त्याला उत्तर असे. मला एकदा ग्रामोफोनच्या एजंटाने बोलावले होते. खोलीत गादी, समोर कर्णा. मी एक टाकला आणि थांबलो. हशा नाही. आणखी थांबलो. एजंट हातवारे करायला लागला. प्लेट निघाली ती मधे मधे नुसती मुकी. त्याने माझा पाणउतारा केला, तोही मी इथे विसरून जात आहे, कारण बिचाऱ्याचे मेण वाया गेले. पण माझे म्हणणे, तरुणांनी जावे. कर्ण्यापुढे जावे, टॉकीत जावे, वर्तमानपत्रात लिहावे, मेळ्यांना पदे करून द्यावीत. आमच्या वेळी एकच दार होते, आता चार झाली आहेत, ह्याचा आनंद मानावा. फक्त वर्षातून एकदा माणसांपुढे उभे राहून जावे. कर्णा खोटे बोलत नाही हे खरे, पण तो काहीच बोलत नाही.

कलम ६. दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, त्यात आमच्या फडाची तंबू ठोकायची जागा वहिवाटीची आहे. तिच्याबद्दल माझी अट अशी. गड्डा चालू असेपर्यंत रोज, आमचा गण व्हायच्या आधी, बोर्ड मोकळा सोडावा. ज्याला कोणाला लोकांना हसवून बघायचे असेल त्याने यावे. जात विचारू नये, गाव विचारू नये, कोणाचा शिष्य ते विचारू नये. जोतीरामाने त्याला ढोलकीची एक थाप द्यावी आणि बाजूला व्हावे. लोकांनी हुर्यो केली तर करू द्यावी; मलाही पहिल्या दिवशी केली होती, आणि ज्या माणसाने सगळ्यांत मोठ्याने केली तो पुढे माझा व्याही झाला. उतरल्यावर त्याला भाकरी आणि शेंगाचटणी वाढावी, मग तो पडलेला असो की गाजलेला. पडलेल्याला आधी वाढावी.

जोतीराम ज्ञानबा माने, ढोलकीवाला, याला मी काही ठेवत नाही. कारण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि कवठेकर सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले तर कायद्याने ते रद्द होते. जोतीराम म्हणाला, "मला तुमी हुतासा तेवडं बास झालं की." दुसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही, गल्लीतला कोणी तरी बघू.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. माझ्यामागे बोर्डावर माझ्या जागी कोणी उभे राहायचे, म्हणजे सोंगाड्या कोण, याचा निवाडा.

आमच्यातली रीत अशी आहे की सोंगाड्या थकला की मावशी करणारा सोंगाड्या होतो. म्हणजे रीतीप्रमाणे मायाप्पा. दुसरी रीत अशी की फडातल्या बायांनी गायचे, नाचायचे, आणि हसवायचे काम बाप्यांनी करायचे. आणि तिसरी अशी की नाचणारीचे पाय थकले की तिने चुलीपाशी जाऊन फडाच्या भाकरी थापायच्या. ह्या तिन्ही रीती मी पाळल्या, कोंडीबांनी पाळल्या, त्यांच्या वस्तादांनी पाळल्या.

आमच्या फडात मुक्ताबाई आहे. लहान असताना आपल्या सख्ख्या मावशीचा हात धरून आली, तिचे गाणे ऐकायला अक्कलकोटपासून गाड्या यायच्या. आता तिचा आवाज फाटला आहे, गुडघे धरले आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिने स्वतःच परात ओढून घेतली आणि पीठ मळायला बसली, कोणी सांगायची वाट बघितली नाही. आम्ही सगळे तिच्या हातची भाकरी चांगली होते असे म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "व्हय, भाकरीला गुडघं लागत न्हाईत."

मग मागचा गड्डा आला. दुपारचा खेळ होता, मिलच्या दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी असतो तो. कनात भरलेली. गौळण चालू झाली, मी वाटेवर उभा राहिलो, आणि समोरून मावशी आली. मला दिसले ते एवढेच की लुगडे आहे, डोक्यावरून पदर आहे, आणि नाकाशी काही तरी पिवळे चमकते आहे. मायाप्पाची नथ. मी नेहमीचे सुरू केले.

"मावशे, वाट सोड. मी राजाचा मानूस हाय."

"राजाचा मानूस, मग पायी का?"

"घोडा आजारी हाय."

इथे मायाप्पा नेहमी "आगं बया" म्हणून कपाळाला हात लावतो आणि मी पुढे जातो. त्या दिवशी मावशी गप्प राहिली. मला वरपासून खालपर्यंत निरखीत असावी, कारण लोक आधीच खुदखुदायला लागले. मग ती सावकाश म्हणाली, "म्हंजी दोगांतला शाना घरी ऱ्हायला म्हन की."

मराठी हसले. मी तोंड उघडले आणि मिटले. कानडी हसले. मी मनात म्हटले, आता हा मायाप्पा घाई करणार, पुढे बोलून घाण करणार. पण मावशी हलली नाही. थांबली. मागून तेलंगी लोकांचा हशा उसळला, तो पुरा होऊ दिला, आणि मग पदर सावरून म्हणाली, "जा बाबा, घोड्याला पेज करून घाल, आनि ह्या वक्ताला राजाचं काम त्येला करू दे." अशी ती सगळी गौळण तिने माझ्या हातातून काढून घेतली. एवढ्या वर्षांत मला बोर्डावर कोणी निरुत्तर केले नव्हते. मला वाईट वाटायला पाहिजे होते. खरे सांगतो, मला शांतम्माची आठवण झाली, की आज तिने सूप खाली ठेवले असते.

पडद्यामागे आल्यावर मी चाचपडत जाऊन मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या फडासमोर म्हणालो, "मायाप्पा, आज तू सोंगाड्या झालास. माज्या मागं हा बोर्ड तुजा. सिद्धेश्वराची आन." खांदा थरथरत होता. मला वाटले गडी आनंदाने रडतो आहे. तेवढ्यात माझ्या पाठीमागून मायाप्पाचा आवाज आला, "वस्ताद, मी हिकडं हाय."

मायाप्पाचा घसा बसला होता म्हणून जोतीरामाने मुक्ताबाईला लुगडे नेसवून उभी केली होती, आणि मी खेळ थांबवीन म्हणून मला सांगितले नव्हते. पुढे बसलेल्या लोकांनाही वाटले की बाप्याच आहे. एक जण तर म्हणाला, आज मायाप्पा अगदी बाईसारखा चालला. मी हात बाईच्या खांद्यावर ठेवला आणि नाव मायाप्पाचे घेतले, तेही आण घेऊन. तेव्हापासून फडात दोन तट आहेत. एक म्हणतो, नाव घेतले त्याचा बोर्ड. शिवाय रीतही तीच. दुसरा म्हणतो, खांदा ज्याचा त्याचा बोर्ड. मुक्ताबाई काहीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी ती परत परातीशी बसली. मायाप्पाही काही म्हणत नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोलतो, आणि मला ते रोज बोचते.

वर्षभर विचार करून मी निवाडा देतो तो असा. मी शब्द दिला तो तिसऱ्या हशापर्यंत जो थांबला त्याला दिला. नाव चुकले, माणूस चुकलेला नाही. यंदाच्या गड्ड्यापासून बोर्डावर सोंगाड्याच्या जागी मुक्ताबाई उभी राहील. तंबू, कनात, माझा फेटा आणि रंगीत काठी तिची. लोक म्हणतील बाई सोंगाड्या कशी, तर त्यांनी आत येऊन बघावे. मायाप्पाने तिला कोर्टात खेचले तर त्याच्या बाजूने रीत आहे आणि माझी आण आहे, हे मला ठाऊक आहे. तरी माझे म्हणणे हेच आहे. आज इथेच थांबू, कवठेकर. माझा घसा सुकला आहे.

काल रविवारी वरीलप्रमाणे लिहून झाले. आज सोमवारी सकाळी पुढे लिहीत आहोत.

सकाळी मायाप्पा आला. कागदात काय आहे ते त्याला जोतीरामाने सांगितले होते. मी ओट्यावर सरकून जागा करून दिली. तो बसला नाही. म्हणाला, "वस्ताद, दुसरा साक्षीदार मिळाला का?"

मी म्हटले, नाही.

"मग मला करा."

मी त्याला समजावले की साक्षीदार झालास तर कुंभारीची खोली आणि पडवी जाईल, आणि बोर्डावर हक्क सांगायलाही तुला जागा उरणार नाही, कारण मुक्ताबाईच्या नावाखाली तुझीच सही असेल. कवठेकरांनीही त्याला तेच दोनदा सांगितले. तो म्हणाला, "म्हनून तर आलोय. मी कोर्टात जाईन म्हून तुमाला वाटलं, ते मला जोतीरामानं सांगितलं. वस्ताद, माजा घसा बसला नव्हता. मीच जोतीरामाला म्हनलं हुतं, एक डाव तिला नेसवा. पटांगणात पीठ मळताना ती माज्या मावशीच्या वळी घेऊन मला हसवायची, तवा माज्या लक्षात आलं. मला थांबता येत न्हाय. किती शिकिवलंसा, न्हाईच आलं. तिला येतं. पर तुमी माजं नाव घेतलंसा, आनि सिद्धेश्वराची आन घेतलीसा, त्ये ऐकून मला बी मोह झाला. वर्षभर मोह झाला. आता सही करून टाकतो, म्हंजी मोहाची कटकट ऱ्हानार न्हाय. ती सोंगाड्या, मी मावशी. बाप्या बाई, बाई बाप्या, लोक कनात फाडून आत येतील बगा."

गुरप्पा कामावर निघाला होता, तो उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "काका, खोली तुमचीच. तिला कागद कशाला पायजे?" हे मी त्याला सांगायला लावलेले नाही. तेव्हा कलम १ मधली मायाप्पाची ओळ कायद्याने रद्द झाली आणि घरात कायम राहिली, असे कवठेकरांनी लिहावे.

मायाप्पाला मी जे देणार ते आता जिवंतपणी, हाताने देतो, म्हणजे कायद्याची अडचण नको. पितळेची नथ फडाच्या मालकीची, म्हणजे माझी आहे. ती मी आत्ता त्याच्या हातावर ठेवली. मुक्ताबाईला बोलावणे पाठवले तर निरोप आला की पीठ भिजवले आहे, एवढ्या भाकरी झाल्या की येते. त्या शेवटच्या आहेत असे तिला सांगायला लावले.

कलम ८. माझ्या देहाचे. आमच्यात बसवून पुरतात. आयुष्यभर उभा राहिलो, तेव्हा ही सोय मला आवडली आहे. खड्ड्याभोवती ज्याला रडायचे त्याने रडावे, पण कोणी एखादी गोष्ट सांगितलीच तर तिसरा हशा होईपर्यंत माती लोटू नये. ज्यांनी ज्यांनी मला हसून दाखवले, ऊन, धूळ आणि पाळी अंगावर घेऊन माझ्यापुढे येऊन बसले, त्या सगळ्यांचे उपकार मला फेडता आले नाहीत. ते तसेच ठेवून जातो.

हे सर्व मी राजीखुशीने सांगितले, वाचून दाखवल्यावर ऐकले, आणि बरोबर आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: सोमलिंग ईरप्पा हत्तुरे

मुक्काम सोलापूर, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८५६, सोमवार, ता. १७ डिसेंबर १९३४

साक्षीदार:
१. जोतीराम ज्ञानबा माने, धंदा ढोलकी, राहणार सोलापूर. सही.
२. मायाप्पा गुरप्पा कोरे, धंदा तमाशा, राहणार सोलापूर. सही.

लिहिणाराचा शेरा: साक्षीदार नं. २ यांच्या सहीखाली शाईचा मोठा डाग आहे, त्याचा खुलासा करणे जरूर आहे. सदर साक्षीदार सहीस आले तेव्हा त्यांनी नाकात पितळी नथ घातली होती. मी रिवाजाप्रमाणे त्यांचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण विचारले. त्यांनी सर्व उत्तरे बरोबर दिली व नंतर डोक्यावर उपरणे घेऊन मला विचारले, "पाव्हणं, नाव झालं, बाप झाला, वय झालं, गाव झालं. आता चालून दावू का?" त्यावर प्रथम साक्षीदार नं. १ हसले. लिहून ठेवणार सोमलिंग यांना दिसत नसल्याने नथीविषयी त्यांच्या कानात सांगावे लागले, त्यानंतर ते हसले. साक्षीदार नं. २ पुढे काही न बोलता माझ्याकडे पाहत थांबून राहिले. बराच वेळ थांबले. त्यानंतर डाग पडला. तो माझ्या हातून पडलेला आहे. मजकुरात फेरफार नाही.

केशव नारायण कवठेकर, अर्जनवीस